स्टँड मिक्सरच्या आधी वजनकाटा: ‘भारतीय एडिसन’ शंकर आबाजी भिसे यांची गोष्ट



आज मी स्टँड मिक्सरबद्दल लिहिणार होते. कोणतं पातं कशासाठी, कोणता स्पीड कधी, मोटर गरम झाली तर काय करायचं. ते सगळं या लेखात शेवटी आहेच. पण मधे एक माणूस आला. मुंबईत जन्मलेला आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारलेला. त्याची गोष्ट वाचल्यावर मी माझ्या मिक्सरबद्दलचा एक मोठा निर्णय बदलला. म्हणून आधी त्याची गोष्ट, मग मिक्सर.

माझा केक का बिघडत होता?

मी धाराशिवला राहते आणि घरून केकच्या ऑर्डर घेते. वाढदिवस, बारसं, दहावी-बारावीचा निकाल असं काही असलं की फोन वाजतो. कुंथलगिरीचा खवा घालून केलेला केक आणि ज्वारीच्या पिठाची नानकटाई या माझ्या दोन खास गोष्टी. सुरुवातीला सगळं हातानं फेटायचे. लोणी-साखर फेटून फेटून दंड भरून यायचे. मग पैसे साठवून छोटा स्टँड मिक्सर घेतला, आठ हजारांच्या आतला.

पहिला महिना मजेत गेला. मग गडबड सुरू झाली. रेसिपी तीच, ओव्हन तोच, मिक्सर तोच, तरी एका रविवारी केक कापसासारखा आणि पुढच्या रविवारी विटेसारखा. एका बारशाचा केक तर मधोमध खचला. ऐनवेळी दुसरा करून द्यावा लागला आणि त्या ऑर्डरमधली सगळी कमाई गेली.

मी दोष दिला मिक्सरला. म्हटलं, छोटं मशीन आहे, मोटरमध्ये दम नाही. त्याच आठवड्यात एका ओळखीच्या दुकानदारांनी एक प्रस्ताव ठेवला. मोठ्या भांड्याचा महागडा मिक्सर ते घेऊन देणार, हप्तेही तेच भरणार. बदल्यात माझा सगळा माल फक्त त्यांच्या दुकानात जाणार आणि भाव ते ठरवणार. मी जवळजवळ हो म्हणून बसले होते.

तेवढ्यात आईनं एक साधी गोष्ट पकडली. मैदा कधी ती काढून द्यायची, कधी मी घ्यायचे. वाटी एकच. पण ती वाटी डब्यात खुपसून दाबून भरायची आणि मी पीठ चाळून चमच्यानं हलकेच भरायचे. शेजारच्या मावशींकडून वजनकाटा आणून दोन्ही वाट्या तोलल्या. आईची वाटी १४६ ग्रॅम, माझी ११२ ग्रॅम. एका वाटीत ३४ ग्रॅमचा फरक! तीन वाट्यांच्या केकमध्ये शंभर ग्रॅमच्या वर मैदा जास्त. बिचाऱ्या मिक्सरचा काही दोष नव्हता.

त्या रात्री फोनवर वजनकाट्यांचा इतिहास शोधत बसले आणि तिथं मला शंकर आबाजी भिसे सापडले.

घरात गॅस बनवणारा मुलगा

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईतला. तेव्हा मुंबईच्या घराघरात वीज नव्हती. आपल्याकडं आज मुलं रील बघून वायरी जोडतात, तसं या मुलाला विज्ञानाच्या मासिकांचं वेड होतं. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यानं घरातच दगडी कोळशापासून गॅस तयार करण्याचं उपकरण बनवलं. सोळाव्या वर्षी त्यानं ठरवलं की आपण इंग्लंडला किंवा अमेरिकेला जायचं आणि शोध लावायचे.

ठरवणं सोपं होतं. हातात पैसे नव्हते, तिकडं ओळख नव्हती. मधली वर्षं मुंबईतच गेली, पण रिकामी गेली नाहीत. त्यांनी विज्ञानाची आवड असणाऱ्यांचा एक क्लब काढला. लोकल गाडीतल्या प्रवाशांना पुढचं स्टेशन कोणतं ते आपोआप दाखवणारं यंत्र योजलं. आज मुंबईच्या लोकलमध्ये स्टेशनचं नाव पट्टीवर सरकत जातं ना, ती गरज या माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखली होती.

१८९० ते १८९५ या काळात ते दृष्टिभ्रमाच्या प्रयोगांत रमले. एक वस्तू बघता बघता दुसऱ्या वस्तूत बदलते, असे खेळ. जादूसारखे दिसणारे, पण मागं प्रकाश आणि आरशांचं गणित. इंग्लंडमध्येही त्यांनी हे प्रयोग करून दाखवले आणि त्यांची वाहवा झाली. पण भिसे यांना टाळ्यांपेक्षा यंत्रं हवी होती.

किराणा दुकानाचं कोडं

आता येतो आपल्या मुद्द्यावर. १८९० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका नियतकालिकानं एक स्पर्धा लावली. हे नियतकालिक शोध लावणाऱ्यांसाठीच निघायचं. कोडं असं होतं: किराणा दुकानातला सुटा माल आपोआप तोलून देणारं यंत्र बनवा.

ऐकायला साधं वाटतं, पण आहे अवघड. त्या काळचं दुकान डोळ्यांसमोर आणा. पीठ, साखर, चहा सगळं पोत्यात नाहीतर पेटीत. गिऱ्हाईक आलं की दुकानदार तराजू उचलणार, एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल, थोडा घाल, थोडा काढ. दिवसभर तेच. त्यात वेळ जातो, माल सांडतो आणि काटा मारण्याची सोय राहते ती वेगळीच.

आपल्या भागात तर तोलण्यापेक्षा मापण्याचीच पद्धत होती. माझी आजी अजून पायली, शेर, मापटं, चिपटं याच भाषेत धान्य सांगते. ही सगळी मापं भांड्याची, म्हणजे आकारमानाची. ज्वारीच्या दाण्याला ती चालून जातात, कारण दाणा दाबला तरी फारसा दबत नाही. पीठ दबतं! म्हणून पिठाला माप दगा देतं. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि देशभर किलो-ग्रॅम आणणारा कायदा झाला १९५६ साली. त्याच्या किती आधी भिसे ग्रॅम-औंसाच्या कोड्याशी झगडत होते, बघा.

त्यांनी मुंबईत बसून यंत्राचा आराखडा केला आणि लंडनला पाठवून दिला. स्पर्धेत इंग्रज इंजिनिअर होते. पहिला आला तो मुंबईचा भिसे.

एका रात्रीत नाव झालं. काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांनी त्यांना पाठबळ दिलं आणि लंडनमध्ये राहणाऱ्या दादाभाई नौरोजींशी त्यांची गाठ घालून दिली. सोळाव्या वर्षी पाहिलेलं स्वप्न पूर्ण करायला हा माणूस तिशी ओलांडल्यावर बोटीत बसला. त्याला बोटीत बसवलं पीठ-साखर तोलणाऱ्या यंत्रानं.

तोलणारं यंत्र चालतं कसं?

आपोआप तोलण्यामागचं साधं तत्त्व असं. वर माल भरलेलं नरसाळं असतं. खाली तराजूची दांडी. एका बाजूला ठरलेलं वजन, दुसऱ्या बाजूला रिकामं भांडं. नरसाळ्यातून माल पडत राहतो. भांडं ठरलेल्या वजनाला आलं की दांडी कलते आणि ती कलता कलता नरसाळ्याचं दार बंद करते. म्हणजे हात लावायची गरज नाही, वजनच दार बंद करतं. तुम्ही दुकानातून एक किलो आट्याचं पाकीट आणता, ते कारखान्यात भरणारं मशीनही हेच काम करतं. फक्त आता दांडीच्या जागी इलेक्ट्रॉनिक सेन्सर आलाय.

आपल्या घरच्या डिजिटल काट्यात तोच सेन्सर असतो. त्याला लोड सेल म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमची एक छोटी पट्टी. वर वजन ठेवलं की ती डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते. पट्टीवर बारीक तारेची नक्षी चिकटवलेली असते. पट्टी वाकली की तार ताणली जाते आणि तिचा विद्युत रोध किंचित बदलतो. तो बदल एक चिप मोजते, त्याचे ग्रॅम करते आणि आकडा स्क्रीनवर येतो.

इथं एक इशारा. फोनचाच वजनकाटा करून देतो असं सांगणारी अ‍ॅप्स दिसतील. त्यांच्या नादी लागू नका. तुमच्या फोनमध्ये लोड सेल नसतो. मग ते अ‍ॅप तोलणार कशानं?

लंडन: छापखान्यातली शर्यत

लंडनला गेल्यावर भिसे यांनी कितीतरी गोष्टी बनवल्या. जाहिराती दाखवणारं विजेचं यंत्र, स्वयंपाकघरातली उपकरणं, आपोआप पाणी सोडणारा संडास. आयुष्यभरात त्यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध आणि त्यातल्या चाळीसेक शोधांचं पेटंट. पण त्यांचा जीव अडकला एका मोठ्या यंत्रात.

तेव्हा छपाईसाठी प्रत्येक अक्षराचा शिशाचा खिळा लागायचा. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, अक्षर तयार करायचं, मग अशी हजारो अक्षरं ओळीत लावायची. आपण फोनवर फॉन्ट बदलतो तो एका टिचकीत. तिथं एकेक अक्षर धातूचं होतं. लायनोटाइप नावाचं यंत्र १८८६ पासून वर्तमानपत्रांत आलं होतं. ते सबंध ओळ एकदम ओतायचं. काम झपाट्यानं व्हायचं, पण एक अक्षर चुकलं तरी सगळी ओळ पुन्हा ओतावी लागायची.

भिसे यांनी सुटी अक्षरं प्रचंड वेगानं पाडणारं यंत्र योजलं. त्याचं नाव भिसोटाइप. मिनिटाला बाराशे अक्षरं हा त्याचा वेग सांगितला जायचा. जुन्या कंपन्यांच्या इंजिनिअरांचा विश्वासच बसेना. त्यांनी करून दाखवलं तरी शंका काही संपेनात.

आणि इथून त्यांच्या आयुष्याचा अवघड भाग सुरू होतो. असं यंत्र कागदावर काढायला डोकं पुरतं, पण लोखंडात उभं करायला पैसा लागतो. साचे, कारागीर, पेटंटची फी, जागेचं भाडं. भिसे यांच्याकडं स्वतःचं भांडवल नव्हतं. दादाभाई नौरोजींनी जमेल तितकी मदत केली. त्यांना वाटायचं, हा माणूस हिंदुस्थानचा एडिसन होईल. पण दादाभाई काही कारखानदार नव्हते, आणि १९०७ साली ते भारतात परतले.

मग हिंडमन नावाच्या इंग्रज समाजवादी पुढाऱ्यानं भांडवल उभं करून देण्याचं कबूल केलं. ते उभं राहिलं नाही. भिसे यांना गाशा गुंडाळावा लागला. १९०८ च्या अखेरीस ते मुंबईच्या वाटेला लागले. वय एकेचाळीस. यंत्र तयार होतं, ते चालत होतं, आणि तरीही हात रिकामे होते.

टाटांचा हात आणि महायुद्ध

नशिबानं गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि रतन टाटांनी भांडवल द्यायचं मान्य केलं. थांबा, हे आपल्याला माहीत असलेले रतन टाटा नव्हेत. हे जमशेदजींचे धाकटे चिरंजीव. त्यांच्या पत्नी नवाजबाईंनी पुढं नवल टाटांना दत्तक घेतलं, आणि नवल टाटांचे चिरंजीव म्हणजे २०२४ मध्ये वारलेले रतन टाटा.

टाटा आणि भिसे या दोघांच्या नावानं शोध-मंडळी स्थापन झाली. भिसे पुन्हा लंडनला गेले, पुन्हा यंत्रावर बसले, यंत्र आणखी सुधारलं. यावेळी तरी जमेल असं वाटत असतानाच १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. युद्धात इंग्लंडच्या कारखान्यांना तोफगोळे बनवायचे होते, छापखान्याची यंत्रं कोण बघतो? थोड्याच दिवसांत मंडळी गुंडाळली गेली.

मी हे वाचत होते तेव्हा माझ्या मनात एकच हिशेब चालू होता. दोनदा या माणसाचं यंत्र चांगलं होतं, आणि दोनदा ते थांबलं ते दुसऱ्याच्या पैशाचा नळ बंद झाला म्हणून. त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही. छपाईचं यंत्र बांधायला त्यांच्यापुढं दुसरा रस्ताच नव्हता. पण माझ्यापुढं होता, आणि मी तो न बघताच दुकानदारांना हो म्हणायला निघाले होते.

न्यूयॉर्क

भिसे तिथंही थांबले नाहीत. युद्ध चालू असतानाच पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये नव्यानं सुरुवात केली. अक्षरं पाडणारं यंत्र तिथंही पुढं नेलं, त्यासाठी कंपनी काढली. पण तोवर छपाईची बाजारपेठ मोठ्या कंपन्यांनी वाटून घेतली होती.

पैसा अखेर आला तो भलत्याच दिशेनं. आयोडीनपासून त्यांनी एक औषध तयार केलं, अ‍ॅटोमिडीन नावाचं. ते अमेरिकेत खपलं. जन्मभर यंत्रांवर जीव टाकणाऱ्या माणसाचं घर औषधाच्या बाटलीनं सावरलं. ज्याच्या नावानं लोक त्यांना ओळखायचे त्या खऱ्या एडिसनशीही, एडिसनच्या अखेरच्या काळात, त्यांची भेट झाली.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचा मृत्यू झाला. अडुसष्टावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता.

गंमत म्हणजे, भिसे लंडनमध्ये छपाईच्या यंत्राशी झगडत होते त्याच सुमारास, १९०८ साली, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हर्बर्ट जॉन्स्टन या इंजिनिअरनं एका बेकरीत कामगाराला पळीनं कणीक घोटताना पाहिलं आणि विजेवर चालणाऱ्या मिक्सरचा विचार सुरू केला. तो होबार्ट नावाच्या कंपनीत होता. आधी बेकऱ्यांसाठी अवाढव्य मिक्सर आले आणि १९१९ मध्ये घरगुती स्टँड मिक्सर. तो पहिला घरगुती मिक्सर जवळपास तीस किलोचा होता! जॉन्स्टनच्या मागं कंपनी होती, कारखाना होता, विक्रेते होते. भिसे यांच्या मागं यातलं काहीच टिकून राहिलं नाही. आज मिक्सर जगभर आहे आणि भिसोटाइप कुठं दिसत नाही. दोघांच्या डोक्यांत फार फरक असेल असं मला वाटत नाही.

आता मिक्सर: वापरायचा कसा?

१) आधी काटा. मी साडेचारशे रुपयांत डिजिटल काटा घेतला. सपाट, कडक ओट्यावर ठेवा, खाली फडकं नको. मिक्सरचं भांडं त्यावर ठेवून टेअर बटण दाबा म्हणजे आकडा शून्य होईल. मैदा घाला, पुन्हा शून्य, साखर घाला, पुन्हा शून्य. वाट्या धुवायचं कामही वाचतं. काटा बरोबर आहे का हे बघायचं असेल तर मापाच्या भांड्यानं ५०० मिली पाणी ओता, जवळपास ५०० ग्रॅम दिसायला हवं.

२) यंत्र समजून घ्या. स्टँड मिक्सरचं भांडं जागच्या जागी राहतं. पातं स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी भांड्यात गोल चक्करही मारतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरत सूर्याला फेरी घालते तसं. त्यामुळं भांड्याचा कुठलाच कोपरा सुटत नाही. तळाशी पीठ राहत असेल तर पातं आणि भांडं यांतलं अंतर बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये ते स्क्रूनं कमी-जास्त करता येतं.

३) पातं कोणतं? चपटं पातं लोणी-साखर फेटायला, केकच्या मिश्रणाला आणि नानकटाईला. तारांचा फेटा अंड्याचा पांढरा भाग आणि क्रीमला. आकडा मैद्याच्या किंवा गव्हाच्या कणकेला, पाव आणि बनसाठी. ज्वारीच्या पिठाला आकडा लावू नका. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळं मळून मळून ते पीठ ताणलं जात नाही. म्हणून तर आपण भाकरीला उकळतं पाणी घालतो. ज्वारीची नानकटाई करताना मी तूप-साखर चपट्या पात्यानं फेटते आणि पीठ शेवटी अगदी हळू मिसळते.

४) स्पीड कधी कोणता? लोणी-साखर मध्यम स्पीडवर तीन ते पाच मिनिटं, रंग फिका होईपर्यंत. साखरेचे कण लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकवतात आणि बेकिंग पावडर पुढं हेच बुडबुडे फुगवते. मैदा घातल्यावर मात्र सगळ्यात कमी स्पीड, आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की लगेच बंद. जास्त फिरवलं की ग्लुटेन तयार होतं आणि केक चिवट होतो.

५) आपलं हवामान लक्षात घ्या. रेसिपीत लोणी घरच्या तापमानाला आणा असं लिहिलेलं असतं. ते घर थंड देशातलं! मे महिन्यात धाराशिवच्या स्वयंपाकघरात लोण्याचं थेट पाणी होतं आणि पातळ लोण्यात हवा धरत नाही. बोटानं दाबलं की खळगा पडावा पण बोट तेलकट होऊ नये, इतकंच मऊ हवं. उन्हाळ्यात मी भांडंसुद्धा दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवते.

६) मोटर सांभाळा. कणीक नेहमी कमी स्पीडवर. मशीनच्या पुस्तिकेत जितकं पीठ सांगितलंय त्यापेक्षा जास्त घालू नका. डोकं हाताला गरम लागलं की थांबा, दहा-पंधरा मिनिटं विश्रांती द्या. चालू असताना वीज गेली तर आधी बटण बंद करा, नाहीतर लाइट आल्यावर पीठ घरभर उडतं. हे मी अनुभवानं सांगतेय.

आणि माझा निर्णय?

काटा घेतल्यावर मी तीच रेसिपी ग्रॅममध्ये लिहून काढली. मैदा ३६० ग्रॅम म्हणजे ३६० ग्रॅम, मग काढणारी आई असो की मी. सलग सहा केक केले. सहाही सारखे फुलले. त्याच आठ हजारांच्या आतल्या मिक्सरवर.

दुकानदारांना मी जाऊन सांगितलं की मोठा मिक्सर आत्ता नको. तुम्हाला माल देईन, पण भाव दोघांनी मिळून ठरवू आणि बाकीची गिऱ्हाइकं माझी राहतील. त्यांना ते पटलं नाही. ती ऑर्डर गेली आणि त्या महिन्यात हात थोडा आखडला, हे खोटं सांगणार नाही. आता दर केकमागं थोडे पैसे वेगळे ठेवते. मोठं मशीन येईल तेव्हा ते माझं असेल.

काट्याखाली ओट्यावर मी एक कागद चिकटवलाय. त्यावर सगळ्या रेसिपी ग्रॅममध्ये आहेत आणि सगळ्यात वर लिहिलंय, शं. आ. भिसे, १८६७ ते १९३५. आजीनं विचारलं, हे कोण गं? म्हटलं, आजी, पीठ तोलायचं मशीन बनवून विलायतेला गेलेला आपला माणूस. तिनं कागदाकडं पाहिलं आणि चिपट्यानं ज्वारी मोजायला बसली. ज्वारीला चालतंय ते!

तुमच्या घरीही केक कधी फुलतो, कधी बसतो असं होत असेल, तर नवं मशीन बघण्याआधी एकच करा. एकाच वाटीनं घरातल्या दोघांनी मैदा काढा आणि दोन्ही वाट्या तोलून बघा.